सरचूचा मुक्काम दुसऱ्या रात्री नको

वाचकाचं पत्र: "मी ४६ वर्षांचा, पत्नी ४१. सप्टेंबरमध्ये बुलेटवर लडाखला जायचं ठरवलंय, रजा बारा दिवसांची. गाडी २०१४ची क्लासिक ३५०, कार्बोरेटरवाली. सोबत एक मित्र, त्याची २५० सीसीची इंजेक्शनवाली. गाड्या रेल्वेनं चंदीगडला पाठवायच्या. पहिली रात्र मनाली, दुसरी सरचू, तिसरी लेह आणि चौथ्या दिवशी थेट खारदुंग ला, असा बेत आहे. दोघं आणि सामान घेऊन ही गाडी साडेसतरा हजार फूट चढेल का? आमचे मेस्त्री म्हणतात, वर गेल्यावर एअर फिल्टर काढून टाका, गाडी मोकळी होईल. ते करावं का? पत्नीला सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी आहे आणि उंचीवरची गोळी त्याच जातीची असते असं ऐकलं. शिवाय सुटे भाग कोणते घ्यावेत?"

गाडी चढेल. दोघं, सामान, कार्बोरेटर, सगळं धरून चढेल. कशी, ते पुढे सांगतो. त्याआधी पेन घ्या आणि बेतातली दुसरी रात्र खोडा.

मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, सरचू ४,२९० वर. म्हणजे एका दिवसात तुमची झोपायची उंची सव्वादोन हजार मीटरनं वाढणार. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र जादा त्याच उंचीवर काढावी, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम आहे. दिवसा खिंड चढून पलीकडे उतरलात तर शरीर ते बरंचसं सोसतं. खरी परीक्षा रात्री असते. झोपेत श्वास मंदावतो, रक्तातला ऑक्सिजन आणखी उतरतो, म्हणून डोकेदुखी आणि मळमळ बहुतेकांना मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे गाठते. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा वेळखाऊ चढ टळतो आणि मनालीहून निघालेला माणूस सहज सरचूपर्यंत पोचतो. त्यामुळे ही चूक करणं आता पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे.

सरचूची खरी अडचण मात्र नकाशावर बोट ठेवलं की कळते. मनालीकडून निघालं की आधी बारालाचा ला (ला म्हणजे खिंड), सुमारे ४,८९० मीटर. मग सरचू. पुढे गाटा लूप्सची वळणं चढून नकी ला, मग पाच हजारांच्या वरचा लाचुंग ला, मग ४,६०० मीटरवरचं पांग, मोरेचं मैदान आणि शेवटी ५,३२८ मीटरचा तंगलंग ला. उंचीचा त्रास वाढला की पहिलं औषध म्हणजे खाली उतरणं. पण सरचूतून खाली जायचं तर दोन्हीकडे आधी वर चढावं लागतं: मनालीच्या बाजूला बारालाचा, लेहच्या बाजूला लाचुंग ला. पांगहून तर याहून कठीण. तिथे लष्कराचा तळ आहे, अडल्यानडल्याला मदत मिळते, पण त्या भरवशावर बेत आखू नये. बारालाचा ते तंगलंग ला या पट्ट्यात शिरायचं ते शरीर उंचीला सरावल्यावरच.

म्हणून उलटे फिरा. श्रीनगरकडून चढा, मनालीकडून उतरा.

गाड्या चंदीगडऐवजी जम्मूला पाठवा. पहिली रात्र श्रीनगर (सुमारे १,६०० मीटर), दुसरी कारगिल (२,६७६), तिसरी लेह (३,५००). वाटेत झोजी ला ३,५२८ मीटर आणि फोटू ला ४,१०८ मीटर, पण दोन्ही चढून लगेच उतरायचे. कारगिल ते लेह ही उडी आठशे मीटरची, नियमापेक्षा मोठी. तिची भरपाई म्हणून चौथा आणि पाचवा दिवस लेहमध्येच. या दोन दिवसांत पहिला दिवस खरोखर निजून-बसून काढा. जिने चढणं, गाडी धुणं, बाजारात दोन तास फिरणं दुसऱ्या दिवसावर टाका. सहाव्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा. नुब्रा खोरं लेहपेक्षा खाली आहे, साधारण ३,१०० मीटर, त्यामुळे ५,३५९ मीटरची खिंड चढूनही झोपायला खाली जाता. सातव्या दिवशी नुब्रातच, आठव्या दिवशी लेहला परत. नववी रात्र सरचू, दहावी केलंग किंवा मनाली, अकराव्या दिवशी चंदीगडच्या दिशेनं जमेल तितकं. बारावा दिवस मोकळा ठेवा. दरड कोसळली, नाला वाढला, कुणाला बरं वाटेना, की तो दिवस तिथेच खर्ची पडतो. पँगाँग या बेतात बसत नाही, आणि ओढूनताणून बसवूही नका. ते सरोवर जवळपास ४,२५० मीटरवर आहे, तिथे मुक्काम म्हणजे झोपायच्या उंचीत आणखी एक मोठी उडी. रजा दोन दिवस वाढली तरच.

अशा क्रमानं गेलात तर सरचूची तीच रात्र नवव्या दिवशी येते, शरीरानं आठवडा काढलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी बारालाचा ओलांडला की तुम्हाला खालीच उतरायचं असतं.

सप्टेंबर तुम्ही उत्तम निवडलाय. जुलै-ऑगस्टात हिमाचलच्या बाजूला पावसानं दरडी येतात आणि वर बर्फ वितळून नाले फुगतात. सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत पाणी ओसरलेलं, आकाश कोरडं. महिना संपता संपता बारालाचावर नवं बर्फ पडू शकतं, म्हणून परतीचा दिवस २५ तारखेच्या पुढे नेऊ नका.

आता वहिनींची गोळी. तिचं नाव ॲसिटाझोलामाइड. रसायनाच्या दृष्टीनं ती सल्फाच्याच कुळातली, पण जंतुनाशक सल्फा गोळ्यांची ॲलर्जी असलेल्या प्रत्येकाला तिचा त्रास होतोच असं नाही. पूर्वी काय झालं होतं यावर सगळं अवलंबून आहे. नुसतं पुरळ उठलं होतं की ओठ-घसा सुजला, श्वास अडकला, कातडी सोलली? दुसऱ्या प्रकारात ही गोळी नकोच. पहिल्या प्रकारात डॉक्टर कदाचित होकार देतील, पण मग पहिली गोळी निघायच्या दोन-तीन आठवडे आधी, दवाखाना हाताशी असताना घेऊन बघायची. कारगिलच्या हॉटेलात पहिल्यांदा नाही. मोठ्यांचा प्रतिबंधक डोस सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाच्या आदल्या दिवसापासून, वर पोचल्यावर आणखी दोन दिवस. बोटांना मुंग्या येणं, वारंवार लघवीला लागणं हे तिचे नेहमीचे परिणाम, घाबरायचं कारण नाही. आणि डॉक्टर नको म्हणाले तर वहिनींनी जाऊच नये असं मुळीच नाही. वर दिलेला क्रम हाच मुख्य उपाय, गोळी दुय्यम. झोपेची गोळी आणि दारू मात्र पहिले चार-पाच दिवस दोघांनीही टाळा, दोन्हींनी रात्रीचा श्वास आणखी मंदावतो.

ओळखायचं कसं? डोकं दुखणं, भूक न लागणं, मळमळ, झोप न येणं: हा सौम्य त्रास. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. एका दिवसात उतरला तर पुढे, वाढला तर खाली. दोन लक्षणं मात्र वेगळी लक्षात ठेवा. एक, बसल्या जागी धाप लागणं आणि सतत खोकला. फुप्फुसात पाणी साठत असतं. दुसरं, तोल जाणं. फरशीच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. दारू न पिता जो माणूस सरळ चालू शकत नाही, त्याच्या मेंदूला सूज येत असण्याची शक्यता धरायची. या दोन्ही प्रसंगी सकाळची वाट बघायची नाही. जी गाडी मिळेल तिनं, मागे बसवून नव्हे तर चारचाकीत झोपवून, निदान ५०० ते १,००० मीटर खाली न्यायचं, ऑक्सिजन मिळत असेल तर लावून. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जरूर न्या, पण आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. लेहला पोचल्यावर ८५ ते ९० आकडा धडधाकट माणसाचाही दिसतो.

चालवणाऱ्याला स्वतःची अवस्था उशिरा कळते, हा मोटरसायकलवरचा खास धोका. गिअर चुकायला लागले, वळण उशिरा दिसायला लागलं, प्रश्नाला उत्तर तुटक यायला लागलं, तर थांबवायचा अधिकार वहिनींचा. तो निघण्याआधीच ठरवून टाका, म्हणजे रस्त्यावर वाद नको. आणि खिंडीच्या माथ्यावर पंधरा-वीस मिनिटांहून जास्त नको. फोटो काढा आणि उतरा.

आता गाडी. ५,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याला येतो. दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद अंदाजे तीन टक्के घटते असं धरलं, तर तुमची १९.८ बीएचपीची गाडी माथ्यावर नऊ ते अकराच्या दरम्यान उरते. गाडी, दोघं आणि सामान मिळून वजन साडेतीनशे किलोच्या घरात. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता, हे होतं. मित्राच्या इंजेक्शनच्या गाडीचीही ताकद तेवढीच घटते. फरक इतकाच की तिचा सेन्सर हवेचा दाब मोजून पेट्रोल आपोआप कमी करतो. त्यानं फक्त चावी फिरवल्यावर पंपाची गुणगुण थांबेपर्यंत थांबावं आणि मग स्टार्टर दाबावा. बाकी त्याला वर काही करायचं नाही.

तुमच्या कार्बोरेटरला मात्र हवा विरळ झाल्याचं नीटसं कळत नाही. तो पेट्रोल जवळपास तेवढंच सोडत राहतो, हवा कमी, म्हणून मिश्रण जाड होतं. सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास, चढावर गुदमरणं आणि प्लगवर काजळी. म्हणूनच मेस्त्री फिल्टर काढा म्हणतात. ते ऐकू नका. फिल्टर काढल्यानं मिश्रण थोडं पातळ होतं खरं, पण त्या रस्त्यावरची पिठासारखी धूळ थेट सिलेंडरमध्ये जाते आणि पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह घासते. त्या दिवशी गाडी बरी चालते, घरी आल्यावर तेल जाळायला लागते. फिल्टर नवा टाकून निघा, आणि लेहला पोचल्यावर काढून झटका.

मिश्रण पातळ करायची योग्य जागा म्हणजे जेट, कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. सध्याच्या मेन जेटवर आकडा कोरलेला असतो. त्याहून एक आकार लहान आणि दोन आकार लहान असे दोन जेट घेऊन ठेवा. बदलायचे लेहच्या विश्रांतीच्या दिवशी. पेट्रोलचा कॉक बंद, खालच्या बाउलमधलं पेट्रोल बाटलीत काढायचं, बाउलचे स्क्रू सोडवायचे, मधला पितळी जेट बरोबर मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचा. पितळ मऊ असतं, पात्याचं माप चुकलं की खाच सोलवटते आणि मग तो निघत नाही. परत बसवताना हातानं घट्ट आणि वर किंचित, बस. बाउलची गॅस्केट जुनी असेल तर फाटते, एक जादा ठेवा. हे काम घरी दोनदा करून बघा. हात बसत नसेल तर वर प्रयोग नको. मेन जेट न बदलताही ही गाडी खिंड चढते, फक्त जास्त कुरकुरत आणि जास्त पेट्रोल पीत.

जेट बदलला की नाही, बरोबर बदलला की नाही, हे प्लग सांगतो. दहा-बारा किलोमीटर चढ चढून, इंजिन तिथेच बंद करा, थंड होऊ द्या, प्लग काढा. पांढऱ्या चिनीमातीच्या टोकावर कोरडी मखमली काजळी असेल तर मिश्रण अजून जाड. विटकरी किंवा चहासारखा तपकिरी रंग, ठीक. पांढराफटक, टोकाला बारीक फोड दिसत असतील तर मिश्रण फार पातळ, ताबडतोब मोठा जेट परत. तुमच्या इंजिनाला दोन प्लग आहेत, दोन्ही बघा आणि दोन जादा ठेवा.

सरचूला सकाळी पारा शून्याखाली असतो. तिथे बटण दाबत बसून बॅटरी संपवू नका. चावी बंद ठेवून चार-पाच किका हळू मारा, घट्ट झालेलं तेल हलतं, मग चावी लावून किक. चोक मैदानातल्यापेक्षा कमी वेळ. वर मिश्रण आधीच जाड असतं, चोकनं प्लग ओला होतो. ओला झालाच तर चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि सात-आठ किका. आयडलिंग वर आपोआप खाली येतं, गाडी सिग्नलसारखी थांबली की बंद पडते. आयडलिंगचा स्क्रू पाव फेरा वाढवला की पुरतं.

क्लच हा चढावरचा दुसरा बळी. भरलेली गाडी, अरुंद वळण, समोर ट्रक, आणि चालवणारा हाफ क्लचवर अडकतो. पाच मिनिटं असं केलं की प्लेटा जळाल्याचा वास येतो. वळणाआधीच पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, वेग ॲक्सिलरेटरनं. थांबायची वेळ आली तर पूर्ण थांबा, मागचा ब्रेक दाबून, आणि एकदाच सुटा. लिव्हरच्या बुंध्याशी दोन ते तीन मिलिमीटर सैल हवं. अजिबात सैल नसेल तर क्लच कायम थोडा दबलेला राहतो आणि चढावर घसरतो.

चढताना गाडी त्रास देते, पण माणसं पडतात ती बहुधा उतरताना. तुमच्या उलट्या क्रमात गाटा लूप्सची २१ वळणं तुम्हाला उतरायची आहेत, साडेतीनशे किलो मागून ढकलत असताना. ज्या गिअरनं चढला असता त्याच गिअरनं उतरा, म्हणजे इंजिन धरून ठेवतं. ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, जोरात पण थोडा वेळ, मग सोडून वळायचं. तुमच्या गाडीला मागे ड्रम आहे. तो सतत दाबून ठेवला की तापतो आणि पाय कितीही दाबला तरी पकड येत नाही. पुढच्या डिस्कचं दुखणं वेगळं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ तेल ताजं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. तापलेल्या कॅलिपरमध्ये तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर थेट हँडलला टेकते. दोन वर्षांहून जुनं तेल असेल तर निघायच्या आधी पूर्ण बदलून घ्या, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचंच. पॅडचा दोन मिलिमीटरहून कमी थर उरला असेल तर नवे टाका, जुने सुटे म्हणून ठेवा.

दरीच्या बाजूला कधीही थांबू नका. कडेची माती दिसते घट्ट, पण ट्रकांच्या चाकांनी खालून पोकळ झालेली असते. ट्रकला जागा द्यायची तर डोंगराच्या अंगाला, आणि चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियम तिथे लोक पाळतात. तुम्ही उतरत असाल तर थांबायचं तुम्ही.

टायरची हवा हा प्रकार बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जम्मूत ३० अंश तापमानात मागच्या चाकात ३० पीएसआय भरलीत, तर तंगलंग लावर टायरमधून काही न जाता-येता गेज थंडीत ३३ आणि उन्हात ३६ दाखवू शकतो, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो. गाडी खडीवर उडते म्हणून लोक तिथे हवा सोडतात. मग खाली आल्यावर तीच चाकं मऊ पडतात, ट्यूब रिममध्ये चिमटते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात. खिशातला साधा गेज घ्या आणि रोज सकाळी, चाक थंड असताना, मुक्कामाच्या उंचीवर मोजा. खिंडीत मोजून हवा सोडायची नाही. आरे ढिले झाले का हेही तेव्हाच: प्रत्येक आऱ्यावर पान्यानं टिचकी मारा, बाकीचे खणकतात, ढिला बद्द वाजतो.

नाले. लाचुंग लाच्या दोन्ही बाजूंना आणि बारालाचाच्या खाली, झिंगझिंगबारजवळ, रस्त्यावरून पाणी वाहतं. बऱ्याच ठिकाणी आता पूल आहेत, सगळीकडे नाहीत. रात्री बर्फ गोठतं, म्हणून पाणी सकाळी सर्वांत कमी आणि दुपारनंतर दुप्पट. म्हणून लेहहून पहाटे निघा, म्हणजे लाचुंग लाच्या भागात दुपार चढण्याआधी पोचाल. सरचूहून मात्र आठच्या आधी नको: सप्टेंबरात बारालाचाच्या सावलीतल्या वळणांवर रात्री झिरपलेल्या पाण्याचा पारदर्शक थर गोठलेला असतो, तो डांबरासारखाच दिसतो. पाण्यात शिरण्याआधी थांबा, एखादी गाडी जाताना बघा, पाणी चाकाच्या आसाच्या वर असेल तर वहिनींना उतरवा आणि पायी किंवा दुसऱ्या वाहनातून पलीकडे पाठवा. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. गाडी पाण्यात बंद पडली आणि एअर बॉक्सपर्यंत पाणी पोचलं असेल तर बटण दाबू नका. सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, दोन्ही प्लग काढा, किक मारून पाणी उडवून टाका, फिल्टर काढून वाळवा, मग चालू करा. बाहेर आल्यावर शंभर-दोनशे मीटर दोन्ही ब्रेक हलके दाबत चला, ओल्या ब्रेकला पकड नसते. ड्रममध्ये गेलेलं पाणी तर बराच वेळ राहतं.

पेट्रोल. लेह सोडलं की कारूला टाकी काठोकाठ भरा. त्यानंतर केलंगच्या पुढच्या तांदीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरहून थोडं जास्त अंतर पंपाशिवायचं धरून चाला. तुमची टाकी साडेतेरा लिटरची. भरलेल्या गाडीला, जाड मिश्रणावर, लिटरला २५ किलोमीटर धरले तर बरोबर काठावर येता. पाच लिटर जादा घ्या, धातूच्या डब्यात, आणि डबा वरून दहा टक्के रिकामा ठेवा. वर हवा फुगते, म्हणून झाकण हळू उघडा, आधी वाफ जाऊ द्या. वाटेत तंबूवाल्यांकडे ड्रममधलं पेट्रोल मिळालं तर बारीक कापडातून गाळून घ्या. मित्राच्या गाडीचा इंजेक्टर गाळाला तुमच्या जेटपेक्षा लवकर दगा देतो.

सुटे भाग: क्लच केबल आणि ॲक्सिलरेटर केबल, दोन्ही जुन्या केबलच्या कडेनं आधीच ओढून टेपनं बांधून ठेवा, म्हणजे तुटल्यावर फक्त टोकं बदलायची. क्लच आणि ब्रेक लिव्हर प्रत्येकी एक, कारण गाडी उभी असताना पडली तरी हे मोडतात. पुढची आणि मागची ट्यूब वेगवेगळी, टायर काढायच्या तीन सळ्या, पंप, पॅच आणि सोल्यूशन. चेनचं एक लॉक आणि दोन कड्या. फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, तांब्याची तार, एम-सील, इन्सुलेशन टेप, प्लास्टिकचे पट्टे. इंजिन ऑइल एक लिटर, तुमच्या गाडीसाठी १५डब्ल्यू-५०. निघायच्या पाचशे किलोमीटर आधी सर्व्हिसिंग करून घ्या, आदल्या दिवशी नाही. मेस्त्रीनं ढिला ठेवलेला नट गावातच सापडला पाहिजे. चेन दर ५०० किलोमीटरला आणि प्रत्येक मोठ्या नाल्यानंतर तेल मागते. तिचा सैलपणा दोघं गाडीवर बसून मोजा, कारण वजनानं शॉक दबले की चेन ताणते.

सामान खाली आणि पुढे. सॅडल बॅगा मागच्या आसाच्या पुढे, जड अवजारं तळाशी. मागच्या कॅरिअरवर १५ किलो टाकले की पुढचं चाक हलकं होतं आणि चढत्या वळणावर गाडी सरळ जाऊ बघते.

कपडे थरांचे. हवेचं तापमान ५ अंश असताना ताशी ६० च्या वेगानं अंगाला ते उणे २ सारखं लागतं, आणि बोटं बधिर झाली की ब्रेकवरची जाणीव जाते. हातमोज्यांचे दोन जोड, एक जलरोधक. सरचूच्या तंबूत गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नका. बंद तंबूतला कार्बन मोनॉक्साइड आणि उंचीची डोकेदुखी सुरुवातीला सारखीच वाटते.

बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, निदान एक पोस्टपेड हवं. गाडी मित्राच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर मूळ आरसी आणि संमतीचं पत्र जवळ ठेवा. भाड्यानं घ्यायचा विचार डोकावला तर लक्षात असू द्या, बाहेरून भाड्यानं आणलेल्या गाड्या नुब्रा-पँगाँगकडे स्थानिक संघटना जाऊ देत नाहीत. रेल्वेत चढवताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, म्हणून जम्मूत उतरवून घ्याल तेव्हा कॉक, पाइप आणि बाउल गळत नाही ना ते बघूनच पंपाकडे ढकला.

आणि एक काम परतीचं. लेहला लहान जेट टाकला असेल तर केलंगच्या मुक्कामी, फार तर मनालीत, जुना जेट परत बसवायचा. खाली हवा घट्ट होते, लहान जेट पेट्रोल कमी सोडतो, इंजिन तापतं आणि चंदीगडच्या सपाट रस्त्यावर, ताशी ८० च्या वेगात, पिस्टन धरतो. जुना जेट हरवू नये म्हणून डबीत घालून चावीच्या गुच्छाला अडकवून ठेवा.